एकावर फाडलेला पिवळा कागद

४ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र काल पोचलं. पोस्टमनने ते हातात द्यायच्या आधी नाकाशी धरलं आणि म्हणाला, "आजी, याला धुराचा वास येतोय." म्हटलं, येणारच. नात डोंगरात गेलीय शूटिंगला, दुसऱ्या कुणाच्या चित्रपटाला मदतनीस म्हणून. तिथे लाकडं पेटवून पाणी तापवतात, फोनला रेंज नाही, आठवड्यातून दोनदा जीप खाली येते तेव्हा टपाल निघतं. सगळं सांगितलं त्याला. त्याला घाई होती, मला नव्हती.

तू विचारलंयस, बाबा खरंच तसं म्हणाले का. म्हणाला बाई. परवा जेवायला बसलो तेव्हा. तुझ्या आईने विषय काढला की पोरीला पुढची दोन वर्षं कॉलेजातच संकलन शिकायचंय, फॉर्मवर पालकाची सही लागते. तर हा म्हणतो, "तिचा चित्रपट कॉलेजच्या महोत्सवात दाखवणार आहेत ना? बघणारे लोक मत देणार आहेत ना? मग झालं. लोकांनी तिला पहिला नंबर दिला तर खुशाल शिकू दे. नाही दिला तर एक एप्रिलपासून दुकानात. मास्तर काय वाटेल ते सांगतील, गिऱ्हाईक खोटं बोलत नाही."

तुझी आई म्हणाली, "चष्म्याची कुठली फ्रेम आपल्याला शोभते हे तुमच्या गिऱ्हाइकाला कधी कळलंय? तुम्हीच तर सांगता."

त्यावर त्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. पाणी संपलं होतं, मला दिसत होतं.

मी विचारलं, तू येणारेस का बघायला? "शनिवारी दुपारी दुकान कोण बघणार?" म्हणाला. मग येऊ नकोस म्हटलं. आम्ही आहोत.

आता आम्ही म्हणजे कोण ते सांगते. बागेत आमचा बाक आहे ना, तो आता एक राहिलेला नाही, चार बाक झालेत. निवृत्त पोस्टमास्तरीण, शिवणवाली, वरच्या मजल्यावरची, आणि त्यांच्या ओळखीच्या, आणि त्यांच्याही ओळखीच्या. मला धरून सत्तावीस. सगळ्यांना सांगून ठेवलंय, शनिवारी दुपारी गुडघे दुखायचे नाहीत.

मी आधी जाऊन जागाही पाहून आले. तुमच्या विभागाचं ते सभागृह मला फार आवडलं. लाल खुर्च्या, बसलं की पाठ आपोआप मागे जाते. शिपाई म्हणाला, "आजी, आज काही खेळ नाही." म्हटलं, असू दे, मी नुसती बसते. अर्धा तास बसले. पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायलाही बरं वाटतं गं. तिसरीनंतर मी कुठल्याही वर्गात बसले नव्हते.

कपडे ऊबदार घाल.

तुझी आजी

९ फेब्रुवारी

आजे,

सत्तावीस! मी पत्र इथे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आमचा कॅमेरामन म्हणाला, एवढे लोक माझ्या लग्नालाही नव्हते.

आता नीट ऐक, कारण सगळं या एका शनिवारवर आहे. बाबा एकदा बोलले की फिरत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 'लोकांची पसंती' हे बक्षीस मिळालं तर दोन वर्षं माझी. नाही तर मी आयुष्यभर लोकांना विचारत बसणार, "हा नंबर चांगला दिसतोय, की मघाचा?"

तरीही बायकांवर जबरदस्ती करू नकोस. फक्त घेऊन ये. आवडलं तर आवडलं.

चालू असताना बोलायचं नाही. शेजारणीला पुढे काय होणार ते सांगायचं नाही. तुलाही ते माहीत नसतं, तरी तू सांगतेस.

माझ्या आधी आमच्या इंजिनिअर काकांचा चित्रपट आहे. हे माझ्याच वर्गात आहेत, पण सत्तेचाळीस वर्षांचे. वीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली, मग राजीनामा देऊन इथे प्रवेश घेतला. फार भला माणूस. त्यांच्या चित्रपटात चाळीस मिनिटं एक नळ गळतो. हसायचं नाही, आजी. चार वर्षं सगळे त्यांना हसतायत आणि ते सगळ्यांच्या शूटिंगला तारा गुंडाळत फिरतायत.

मत कसं द्यायचं ते दारावरचा माणूस सांगेल. प्रत्येक चित्रपटाला एक कागद मिळतो, कडेला आकडे असतात, आवडलं असेल तसं त्या आकड्यावर फाडायचं. सोपं आहे, लहान मुलंही करतात.

मला सगळं लिही. लोक कुठे गप्प झाले, कुठे खोकले, सगळं.

तुझी ठमी

१५ फेब्रुवारी

ठमे,

झालं! काल झालं! आणि असं झालं की रात्री झोपेतही मी टाळ्या वाजवत होते, असं तुझी आई सांगते.

आम्ही अडीचच्या खेळाला दीड वाजता पोचलो. दोन अख्ख्या रांगा आमच्या. वरच्या मजल्यावरचीने खुर्चीत बसून पाहिलं आणि म्हणाली, मला आता घरी नेऊ नका. एकूण सहा चित्रपट होते. चौथा तुझ्या इंजिनिअर काकांचा आणि पाचवा तुझा.

तर तो नळ. बाई गं. एक नळ, खाली बादली. टप. मग काही नाही. मग टप. मी नाही हसले, तुला शब्द दिला होता. पण दहा मिनिटांनी शिवणवाली उठली. म्हटलं, कुठे? "बंद करून येते," म्हणाली. हाताला धरून बसवली. पोस्टमास्तरीण घोरायला लागली, तिला कोपर मारलं, ती दचकून म्हणाली, "रजिस्टर्ड का साधं?" शेवटी बादली भरली, एक थेंब बाहेर सांडला आणि संपला चित्रपट. वीस वर्षं पाणीखात्यात काढलेल्या माणसाला एक नळ बंद करता येईना!

मग तुझा लागला.

तुझा इस्त्रीवाला मला ओळखीचाच वाटला. त्याने कॉलर आधी घेतली, मग बाह्या, मग पाठ, बरोबर केलं. अख्खी गल्ली त्याला कपड्यांवरून कळते. याचं पोट सुटलं, हिची नोकरी गेली, त्या घरात नवीन बाळ आलं. आम्ही दोन्ही रांगांनी माना डोलावल्या, कारण आम्हालाही हे सगळं दोरीवरच्या कपड्यांवरूनच कळतं. आणि तो निळा शर्ट. ज्याचा तो माणूस वारला, शर्ट न्यायला कुणी येत नाही, आणि हा रोज दुकान उघडलं की आधी तो खाली काढतो, पुन्हा इस्त्री करतो आणि पुन्हा टांगतो. काही बोलत नाही. तेव्हा आमच्यात कुणी खोकलंसुद्धा नाही. वरच्या मजल्यावरचीने माझा हात धरला. तिच्या नवऱ्याचा कोट अजून कपाटात आहे, तो तिने यंदा तीनदा उन्हात घातला, हे तिने मला तिथे सांगितलं. खुर्च्या मऊ असल्या की माणूस बोलतं.

तू हे कुठे शिकलीस गं? पुस्तकात असतं का हे?

आता मतांचं. प्रत्येक चित्रपटाचा वेगळ्या रंगाचा कागद. नळाचा निळा, तुझा पिवळा. कडेने एक ते पाच आकडे. खाली काहीतरी छापलेलं होतं, पण मुंगीच्या पायाएवढं आणि फिकट राखाडी. आमच्यात पोस्टमास्तरीण सगळ्यात शिकलेली, तिलाही दिसेना. मी दारावरच्याला विचारलं, कसं करायचं रे? त्याच्यासमोर गर्दी. "आवडलं तसं फाडा आजी, कागदावर लिहिलंय सगळं. अजिबात न फाडलेला कागद बाद होतो, एवढं बघा."

मग मी डोकं चालवलं. आमच्या शाळेत बाई चुकलेल्या मुलीच्या वहीचं पान फाडायच्या. एक चूक, एक पान. पाच चुका, पाच पानं. फाडणं ही काय मान द्यायची रीत झाली का? म्हणजे जितकं चांगलं तितकं कमी फाडायचं. मी हे एका टोकाला सांगितलं आणि दोन्ही रांगांत शेवटच्या बाईपर्यंत कानोकान पोचवलं.

तर ठमे, तुझा पिवळा कागद आम्ही सत्तावीसजणींनी एकावर फाडला. तोही नियमापुरता, नखाएवढा. शिवणवाली तर म्हणत होती, तिच्याकडची छोटी कात्री काढते, म्हणजे कड सरळ येईल. आणि त्या नळाला सगळ्यांनी पाचवर! कर्रकन! हसू नको म्हणालीस म्हणून हसलो नाही, पण मत हे मत.

उद्या निकाल. मी आत्तापासून साडी काढून ठेवलीय.

तुझी आनंदी आजी

१७ फेब्रुवारी

ठमे,

लोकांना काही कळत नाही.

तुला आधी तेच सांगते. लोकांना काडीचंही कळत नाही. 'लोकांची पसंती' त्या नळाला मिळाली. तू शेवटून पहिली. माझा विश्वास बसेना, मी उठून विचारलं, "पुन्हा मोजा." पुन्हा मोजून झालेलंच होतं.

सत्तावीसजणींनी तुझा कागद जपला, तरी एवढी मतं विरुद्ध गेली म्हणजे बाकीच्या लोकांनी काय केलं असेल, विचार कर. पोस्टमास्तरीण म्हणाली, यात काहीतरी गडबड आहे. शिवणवाली दारावरच्या माणसाशी भांडली. वरच्या मजल्यावरची खुर्चीतून उठेचना, म्हणाली, निषेध म्हणून बसलेय. पण मला वाटतं तिला तसंही बसायचंच होतं.

आणि ते इंजिनिअर काका! मंचावर गेले, आधी तिथे पडलेली तार गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "माझा चित्रपट माझ्या बायकोनेही शेवटपर्यंत पाहिलेला नाही. परवा त्या दोन रांगांतल्या एक आजी नळ बंद करायला उठल्या. मी मागे उभा होतो. चार वर्षांत माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं." आणि रडले. त्यांची बायको पहिल्या रांगेत होती, तीही रडली. नंतर दोघं आमच्याकडे येऊन प्रत्येकीचा हात हातात घेऊन आभार मानून गेले. मला त्यांचा राग करायचा होता, पण माणूसच असा की जमेना.

घरी आले तर तुझा बाबा दारातच. "काय झालं?" सांगितलं. "शेवटून पहिली? असं कसं झालं?" म्हणाला. पुन्हा हात धुताना म्हणाला, असं कसं झालं. मग पेपर उघडला आणि पेपराच्या मागून पुन्हा तेच. मी म्हटलं, तुला काय त्याचं? तू पाहिलायस का? तर म्हणाला, "लोक सांगत होते, बरा होता."

मग मी म्हटलं, हे बघ, बक्षीस नाही तर नाही, पोरीचा चित्रपट चांगला आहे, फॉर्मवर सही कर. तर पेपर खाली न घेताच म्हणाला, "अट म्हणजे अट." आज सकाळी दुकानात एक नवीन फिरतं स्टूल आलं. तुझ्यासाठी. त्याने ते वर करून पाहिलं, खाली करून पाहिलं, आणि मग त्याच्याकडे पाठ करून बसला.

जेवतेस ना नीट?

तुझी आजी

१९ फेब्रुवारी

आजी,

तुझं पंधरा तारखेचं पत्र आत्ता मिळालं. जीप निघायला पाच मिनिटं आहेत, म्हणून एवढंच.

पाच म्हणजे सगळ्यात चांगलं. एक म्हणजे सगळ्यात वाईट.

निकाल लागला का? काय लागला ते मला कळवूच नकोस. नाही, कळव.

ठमी

२२ फेब्रुवारी

ठमे,

तुझ्या त्या दोन ओळी मी सकाळपासून किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. चष्मा पुसून वाचल्या, खिडकीत नेऊन वाचल्या. शेवटी तुझ्या आईला वाचायला दिल्या, तिने आधी मला धरून खुर्चीवर बसवलं, मग वाचल्या, आणि पदर तोंडात कोंबून आत गेली. ती हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

माझ्या हातून झालं गं. लोकांनी काही नाही केलं. मीच, आणि माझ्या सव्वीसजणींनी. डोळ्यांत तेल घालून, नखाएवढं, कड सरळ ठेवून.

बाकावर सांगितलं. मग पोस्टमास्तरीण म्हणाली, "मी पस्तीस वर्षं सरकारी फॉर्म भरून घेतले," आणि पुढे बोलेना. शिवणवालीला निराळीच काळजी, "म्हणजे त्या नळाला आपण सगळ्यात चांगला म्हटलं?" हो म्हटलं. "अगं बाई, आता पुन्हा दाखवला तर पुन्हा बघावा लागेल."

मी लगेच इंजिनिअर काकांकडे निघाले, खरं काय ते सांगून टाकायला. त्यांच्या बायकोने दार उघडलं. म्हणाली, या या, ते आत नवीन चित्रपट लिहितायत, चार दिवसांत चाळीस पानं झाली, इतकी वर्षं झाली लग्नाला, पण शीळ घालताना मी यांना पहिल्यांदा ऐकतेय. आतून शीळ येत होती, खरंच. आता यावर काय बोलू? मी म्हटलं, तुमच्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय का हो, आवाज येतोय. ती म्हणाली, तो मुद्दाम ठेवलाय, नवीन चित्रपटासाठी. चहा प्यायले आणि परत आले. भित्री कुठली.

तू सांग, मी काय करू? तू म्हणशील तर मोठ्या बाईंना, तुमच्या विभागप्रमुखांना, जाऊन सांगते. त्यांनी मला फळ्यासमोर उभं केलं तरी चालेल.

तुझी नालायक आजी

२६ फेब्रुवारी

माझ्या नालायक आजीस,

पहिले दोन दिवस मी तुझ्यावर रागावले होते. तिसऱ्या दिवशी "कड सरळ ठेवून" आठवलं आणि कॅमेरा हातात असताना हसले, चित्र हललं, दिग्दर्शकाने झापलं. तेव्हा राग फिटला.

काकांना सांगू नकोस. मोठ्या बाईंनाही नको. काकांचं मला आठ पानी पत्र आलंय. लिहितात, मी खात्यात परत जायचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता, तो फाडला. आजी, त्यांचं बक्षीस काढून मला मिळालेलं मी कुठे ठेवू?

दुकानाचं मी बघते. बाबांनी अट घातली, मी हो म्हटलं होतं, हरले. एवढं काही वाईट नाही. माणसं समोर बसतील, डोळे मोठे करून बघतील. तसे चेहरे बघायला मी इथे तासन्‌तास थंडीत उभी राहते.

हे मी तीनदा लिहून खोडलं, आता चौथ्यांदा लिहिलंय, म्हणजे खरंच असेल.

पण एक सांग. वरच्या मजल्यावरच्या आजींनी निळ्या शर्टाला तुझा हात नक्की धरला ना? मला तेवढंच पुन्हा एकदा लिहून पाठव.

तुझी ठमी

३ मार्च

ठमे,

धरला. नक्की धरला. अजून माझ्या मनगटावर तिच्या बांगडीचा वळ आहे.

आता रागावू नकोस. तुझं पत्र यायच्या आधीच मी मोठ्या बाईंकडे जाऊन आले होते. पण काकांचं बक्षीस आहे तिथेच आहे, ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू स्वस्थपणे वाचशील.

झालं असं, की मी तुझ्या बाबाला सगळं सांगितलं. फाडायचं, पानं, बाई, सगळं. मला वाटलं विरघळेल. तर तो पांढराफटक पडला आणि म्हणाला, "म्हणजे पाच चांगलं होतं?" म्हटलं, हो. "नक्की?" अरे हो. आणि मग म्हणाला, अट म्हणजे अट. म्हटलं, चल माझ्याबरोबर. मला एवढंच बघायचंय, की आम्ही सत्तावीसजणी सोडून बाकीच्या लोकांनी काय मत दिलं. तुझं गिऱ्हाईक काय म्हणतं ते तर बघ! तो नाही म्हणत होता, दुकान आहे, स्टॉक यायचाय, पोट बिघडलंय. मी चपला घालून दारात उभी राहिले, मग काय करतो.

मोठ्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. हसल्या नाहीत, नुसता खाली वाकून खण उघडला आणि बराच वेळ खणातच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजी, जाहीर झालेला निकाल बदलत नाही." म्हटलं, बदलायचा नाहीच आहे, नळवाले शीळ घालतात. मला फक्त कागद दाखवा. त्यांनी बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. तुझे पिवळे कागद, अठ्ठ्याऐंशी. आणि काय सांगू, प्रत्येकाच्या मागे खुर्चीचा नंबर छापलेला. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून. आमच्या दोन रांगा बाजूला काढायला काहीच लागलं नाही. एका मापाचे, सरळ कडेचे सत्तावीस.

उरले एकसष्ट. मोठ्या बाई एकेक टेबलावर ठेवत गेल्या. पाच. पाच. चार. पाच. तुझा बाबा दाराकडे बघत होता. पाच किती झाले माहितेय? एक्केचाळीस! बाकीचे चार आणि तीन. दोन एकही नाही. आणि एक, फक्त एका कागदावर.

"हा कोण शहाणा?" मी म्हणाले.

मोठ्या बाईंनी कागद उलटला. शेवटची रांग, खांबामागची खुर्ची. मग निळ्या गठ्ठ्यातून त्याच खुर्चीचा कागद काढला, तर नळाला पाच. "गंमत आहे," म्हणाल्या, आणि मग तुझ्या बाबाकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, टक लावून बघितलं. "त्या खुर्चीवर एक गृहस्थ मफलर आणि टोपी घालून बसले होते. निळ्या शर्टाच्या वेळेला त्यांना इतकं रडू आलं की मी स्वतः पाण्याचा ग्लास नेऊन दिला. तुम्हीच ना ते?"

ठमे, मी या पोराला जन्म दिला, पण असा लाल झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"तू आला होतास?" मी विचारलं.

"दुकान दुपारभर बंद ठेवलं होतं."

"शनिवारी दुपारी? आणि रडलास? आणि रडून पोरीला एक दिलास? तिला दुकानात ओढायला?"

"नाही!"

"मग?"

तो गप्प. मोठ्या बाई गप्प. मी तर मुळीच गप्प नव्हते. म्हटलं, बोल, दोनातलं एक काहीतरी असणार. एक तर तू मुद्दाम केलंस, नाही तर...

"वाचता आलं नाही मला," तो म्हणाला.

"काय?"

"त्या कागदावरचं. दिसलंच नाही. पहिला नंबर म्हणजे एक, असं धरून चाललो. जवळचं दिसत नाही मला, आई. दोन वर्षं झाली."

"चष्म्याच्या दुकानदाराला?"

"त्यालाच तर कुणाला सांगता येत नाही."

"अरे, मग गिऱ्हाइकांचे डोळे कसे तपासतोस?"

"लांबची पाटी दिसते. जवळची पाठ आहे."

तेव्हा मात्र मोठ्या बाई हसल्या. दोन्ही हात टेबलावर टेकून. मी हसले नाही. मला त्या दुपारचं वाईट वाटत होतं. दुकान बंद करून, मफलर गुंडाळून, खांबाच्या मागे बसून हा एकटा रडला, पोरीला पहिला नंबर द्यायचा म्हणून हौसेने एकावर फाडला, आणि आपल्याच अटीत तिला स्वतःच हरवलं. आणि वर पेपराच्या मागून, असं कसं झालं, असं कसं झालं.

त्याने स्वतः मोजले सगळे. पुन्हा. कागद हात लांब करून धरत होता. "बाहेरचे एक्केचाळीस," म्हणाला, "त्यात मी बेचाळीस. आई, तुम्ही सत्तावीस. एकोणसत्तर." मग गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या. "माझ्या दुकानात एका फ्रेमला एवढं गिऱ्हाईक कधी आलेलं नाही."

मी मोठ्या बाईंना म्हटलं, तुमच्याकडे तो फॉर्म असेलच. होता. त्याने खिशातलं पेन काढलं आणि झोकात सही केली. मोठ्या बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "ही अर्जदाराची जागा आहे. तुम्हाला प्रवेश हवा असेल तर वयाची अट नाही आमच्याकडे." दुसरा फॉर्म दिला, आणि बरोबर स्वतःचा चष्मा काढून दिला.

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग तो घातला. लाल कचकड्याची फ्रेम, बायकी, दोन्ही बाजूंना पांढरे मणी. मग फॉर्म वरपासून वाचायला लागला. नुसता सहीपुरता नाही, पूर्ण. नियम एक, नियम दोन, उपस्थिती, ओळखपत्र हरवल्यास काय. दोन वर्षांचं वाचायचं राहिलेलं सगळं एकदम वाचून काढत असल्यासारखा. मोठ्या बाईंना पुढचा तास होता, पण त्या काही बोलल्या नाहीत. शेवटी सही केली, या वेळी योग्य जागी.

त्यांनी चष्मा परत मागितला. "एक मिनिट," म्हणाला, आणि सहीच्या वरची ओळ पुन्हा वाचली. आम्हाला ऐकू जाईल अशी, दुकानात गिऱ्हाइकाला पाटी वाचायला लावतो ना तशी, एकेक शब्द सुटा करून. "सदर विद्यार्थिनीच्या पुढील शिक्षणास माझी संमती आहे."

तुझी आजी